पुढल्या चाकांची साक्ष

जुन्या मोटारीच्या मालकाला वेळोवेळी जे प्रश्न पडतात, त्यांत पुढल्या चाकांकडून येणाऱ्या आवाजाइतका अस्वस्थ करणारा प्रश्न क्वचितच दुसरा असेल. इंजिनात काही बिघडले तर धूर, गळती, तापमानाचा वर चढलेला काटा असा काहीतरी दृश्य पुरावा हाती लागतो; परंतु पुढल्या अ‍ॅक्सलचा आवाज वळणावर उमटतो, सरळ रस्त्यावर विरतो, गाडी गॅरेजच्या दारात उभी केली की मुळीच ऐकू येत नाही, आणि मग मालकाची तक्रार व मेस्त्रीचा तर्क यांची रुजवात न झाल्यामुळे पुष्कळदा धडधाकट भाग बदलला जातो व सदोष भाग जागच्या जागी राहतो. हे टाळता येण्याजोगे आहे. आवाज हा निकाल नसून ती एक साक्ष आहे, आणि एका वेळी एकच परिस्थिती बदलून तिची उलटतपासणी केली, तर खर्चाचा हुकूम सोडण्यापूर्वीच दोष कोठे आहे याचा बहुतेक उलगडा होतो, एवढेच या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

या तपासातला पहिला प्रश्न आवाजाचा नाही, गाडीच्या रचनेचा आहे. ज्या गाडीच्या पुढल्या चाकांबद्दल शंका आहे, त्या चाकांपर्यंत इंजिनाची शक्ती मुळात पोचते काय? बांधा उंच आणि चाके मोठी असली म्हणजे गाडीची चारही चाके ओढतात, असा एक सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः १९९४ मध्ये आलेली टाटा सुमो, २००० मध्ये आलेल्या टोयोटा क्वालिस व महिंद्र बोलेरो, आणि २००२ पासून रस्त्यावर आलेली स्कॉर्पिओ यांपैकी आपल्याकडे दिसणाऱ्या बहुतेक गाड्या केवळ मागल्या चाकांवर चालतात. त्यांची पुढली चाके भार वाहतात व दिशा बदलतात, पण ओढत नाहीत. म्हणून त्यांच्या पुढल्या बाजूस ड्राइव्ह शाफ्टही नसतो आणि सीव्ही जॉइंटही नसतो. अशा गाडीच्या मालकाला कोणी ‘सीव्ही जॉइंट गेला’ असे सांगितले, तर जो भाग गाडीत नाहीच तो जाणार कोठून, हे त्याने शांतपणे विचारावे. याच्या उलट, २०१२ मध्ये आलेल्या रेनो डस्टरच्या बहुतेक गाड्यांची पुढली चाकेच सर्वकाळ ओढतात. तिसरा वर्ग मारुती जिप्सीसारख्या गाड्यांचा, ज्यांत पुढला अ‍ॅक्सल गरजेपुरता जोडता येतो व एरवी मोकळा सोडता येतो. आपली गाडी या तिहींपैकी कोणत्या वर्गातली आहे हे एकदा निश्चित झाले, म्हणजे निम्मा तपास घरबसल्या झाला असे समजावे.

आता ज्या जॉइंटवर एवढे आरोप होतात, त्याचे कार्य पाहू. पुढल्या चाकाला एकाच वेळी दोन कर्तव्ये बजावावी लागतात: इंजिनाकडून आलेली गती घेऊन फिरायचे आणि तसे फिरत असतानाच चालकाच्या इच्छेनुसार डावीउजवीकडे वळायचे. गती आणणारा दांडा सरळ आणि चाक मात्र त्याच्याशी कोन करून उभे, अशा स्थितीत दोहोंना जोडणारा सांधा हवा. असा एक सांधा युरोपात फार पूर्वीपासून ज्ञात होता. सोळाव्या शतकातील इटालियन विद्वान कार्दानो आणि सतराव्या शतकातील इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यांच्या नावांनी तो ओळखला जातो, आणि आपल्या गॅरेजांत त्यालाच ‘क्रॉस’ म्हणतात. या सांध्यात एक अंगभूत वैगुण्य आहे. दोन दांड्यांमध्ये कोन पडला की पहिला दांडा एकसारख्या गतीने फिरत असूनही दुसरा प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे धावतो व दोनदा मागे रेंगाळतो. कोन ३० अंशांचा असेल तर ही चढउतार मूळ गतीपेक्षा सुमारे १५ टक्के अधिक ते सुमारे १३ टक्के कमी इतकी होते. लांबलचक प्रॉपेलर शाफ्टच्या दोन टोकांना दोन क्रॉस परस्परपूरक रीतीने बसवून हे वैगुण्य झाकता येते. परंतु जेथे चाक मोठ्या कोनात वळते तेथे असा हिसका थेट चालकाच्या हातापर्यंत आणि टायरपर्यंत पोचतो.

यावर उपाय निघाला तो १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात. अमेरिकेत आल्फ्रेड झेप्पा या अभियंत्याने सहा पोलादी गोळ्यांचा एक सांधा रचला, तर फ्रान्समध्ये ग्रेग्वार व फनाय यांनी त्याच काळात निराळ्या रचनेचा ‘त्राक्ता’ सांधा सिद्ध केला. झेप्पाच्या सांध्यात बाहेरची वाटी, आतला गाभा व दोहोंच्या खाचांत बसलेले सहा गोळे असतात, आणि एक पिंजरा त्या गोळ्यांना सदैव अशा प्रतलात धरून ठेवतो, की ते प्रतल दोन दांड्यांमधल्या कोनाचे बरोबर दोन समान भाग करील. गोळे दोन्ही दांड्यांपासून सारख्याच अंतरावर राहत असल्यामुळे एकाची गती दुसऱ्याला जशीच्या तशी मिळते; म्हणूनच याला समवेग सांधा म्हणावयाचे, आणि सीव्ही ही अक्षरे त्याच अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आहेत. दुसऱ्या महायुद्धातील जीपच्या पुढल्या अ‍ॅक्सलात अशा समवेग सांध्यांचे निरनिराळे प्रकार वापरले गेले, आणि १९५९ च्या ब्रिटिश मिनीनंतर पुढल्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या लहान मोटारींचा जगभर जो प्रसार झाला, त्याच्या मुळाशीही हाच सांधा आहे.

इतक्या काटेकोर यंत्राचे आयुष्य मात्र एका साध्या रबरी पिशवीवर अवलंबून असते. घड्या असलेली ही पिशवी, म्हणजे मेस्त्रीच्या भाषेतला ‘बूट’, सांध्याभोवती आवळलेली असते व तिच्यात मोलिब्डेनमयुक्त काळे ग्रीस भरलेले असते. बूट शाबूत असेल तर सांधा वर्षानुवर्षे निमूटपणे काम करतो. उष्णतेने व वयाने रबर ताठरते, घडीच्या तळाशी चीर पडते, एखादा दगड वा फांदी ती चीर वाढवते, आणि मग फिरत्या सांध्यातले ग्रीस बाहेर फेकले जाऊन त्याची जागा धूळ आणि पाणी घेतात. खाचांचा पृष्ठभाग उष्णतासंस्काराने कठीण केलेला असतो, पण कठीणपणाचा हा थर पातळ असतो. एकदा तो सोलवटला, की खाचेत खळगे पडतात आणि प्रत्येक गोळा त्या खळग्यावरून जाताना टकटकतो. म्हणजे आवाज हा या व्याधीचा शेवटचा टप्पा होय, पहिला नव्हे. पहिला टप्पा मूक असतो: चाकाच्या आतल्या अंगाला व सस्पेन्शनच्या भागांवर गोलाकार उडालेले काळ्या ग्रीसचे शिंतोडे. जो मालक सहा महिन्यांतून एकदा चाके पूर्ण वळवून, विजेरीच्या उजेडात बुटाच्या घड्या उलगडून पाहतो, त्याला पुढचा पुष्कळसा तपास करावा लागत नाही.

बूट फुटून गेलाच असेल, तर साक्षीकडे वळावे. चाकाजवळच्या बाहेरच्या सांध्याचा आवाज हा तुटक, कोरडा व तालबद्ध ‘कट-कट’ असा असतो. स्टिअरिंग पूर्ण वळवलेले आहे, गाडी सावकाश आहे आणि अ‍ॅक्सिलरेटरवर पाय आहे, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की तो स्पष्ट होतो, कारण त्याच वेळी सांध्याचा कोनही मोठा असतो व त्यावरचा ताणही. पाय काढताच तो मंदावतो. स्टिअरिंग सरळ करताच बहुधा थांबतो. एखाद्या मोकळ्या मैदानात, कंपाउंडच्या भिंतीच्या कडेने, काचा खाली करून गाडी आधी डाव्या व मग उजव्या वर्तुळात, एकदा पुढे व एकदा मागे घ्यावी. भिंतीवरून परतलेला आवाज कानांना अधिक स्पष्ट ऐकू येतो. कोणत्या बाजूचा सांधा दोषी, याचा निर्णय मात्र वळणाच्या दिशेवरून घाईने करू नये; कारण वळणात आतले चाक अधिक कोनात वळते तर बाहेरच्या चाकावर भार अधिक येतो, आणि या दोहोंपैकी काय प्रबळ ठरेल ते त्या त्या सांध्याच्या झिजेवर अवलंबून असते.

डिफरन्शियलजवळच्या आतल्या सांध्याची साक्ष निराळी. पुष्कळ गाड्यांत येथे गोळ्यांऐवजी तीन रोलरांची रचना असते, व चाक वरखाली होताना दांड्याची लांबी कमीजास्त व्हावी म्हणून ते रोलर खाचांतून आतबाहेर सरकतात. हा सांधा झिजला तर सरळ रस्त्यावर जोराने वेग वाढवताना गाडीचे नाक थरथरते आणि वेग स्थिर होताच ती थरथर शमते. किंवा अ‍ॅक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबताना एकच बोजड ‘ठक्’ ऐकू येते.

पण पुढल्या अंगाला आवाज करणारे इतरही पुष्कळ भाग असतात, आणि सर्वांत अधिक गोंधळ चाकाच्या बेअरिंगमुळे होतो. बेअरिंगची घरघर अखंड असते. तीत ‘कट-कट’ असा तुटकपणा नसतो. ती अ‍ॅक्सिलरेटरला दाद देत नाही, केवळ वेगाबरोबर चढते व उतरते, आणि लांब, सौम्य वळणावर गाडीचा भार एका कुशीवर गेला की बदलते: डावे वळण घेताना घरघर वाढली तर संशय उजव्या बेअरिंगवर, आणि उलट. असमान झिजलेल्या टायरचाही आवाज असाच भासतो, परंतु डांबरावरून सिमेंटच्या रस्त्यावर जाताच त्याचा सूर पालटतो, बेअरिंगचा पालटत नाही. खड्ड्यातून चाक गेल्यावरच येणारा दणका हा बहुधा बॉल जॉइंट, लोअर आर्मचे बुश अथवा स्टॅबिलायझरची लिंक यांचा असतो. आणि मागे घेतलेली गाडी पुढे नेताना पहिल्याच ब्रेकला होणारा एकच टणत्कार पुष्कळदा ब्रेक पॅड जागेवर सरकल्याचा असतो, त्यात अ‍ॅक्सलचा काही अपराध नसतो.

कानाबरोबर थोडा हिशेबही जोडावा. जिप्सीसारख्या गाडीच्या चाकाचा परीघ साधारण २ मीटर धरला, तर ताशी १० किलोमीटर वेगाने ते चाक सेकंदाला सव्वा ते दीड फेरे करते. त्या वेगाला सेकंदात एक-दीडदाच ठोका पडत असेल, तर तो चाकाच्या एका फेऱ्यास एक असा आहे, आणि चाक, ब्रेकची चकती किंवा सांध्याची एखादी खराब खाच यांकडे बोट दाखवतो; सांध्याच्या अनेक खाचा गेल्या असतील तर एका फेऱ्यात अनेक ठोके पडतात. प्रॉपेलर शाफ्ट मात्र डिफरन्शियलच्या गुणोत्तराप्रमाणे चाकाच्या तीनचार पट वेगाने फिरतो. तेव्हा त्याच वेगाला त्याच्या क्रॉसची किरकिर तितकीच जलद ऐकू येईल. क्लच दाबून गाडी सपाट, रिकाम्या रस्त्यावर क्षणभर आपल्या गतीने जाऊ द्यावी: आवाज तसाच राहिला तर तो चाकाच्या फिरण्याशी बांधलेला आहे, नाहीसा झाला तर ताणाशी किंवा इंजिनाशी.

जिप्सीची गोष्ट येथे मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण तपासाची अशी सोय फार थोड्या गाड्यांत असते. १९८५ च्या अखेरीस आलेली ही गाडी सैन्यात, पोलिसांत व वनखात्यात दीर्घकाळ नोकरी करून आता खाजगी मालकांच्या हाती आहे, आणि ताडोबाच्या जंगलात पर्यटकांना घेऊन हिंडणारी उघडी गाडी म्हणूनही ती महाराष्ट्राच्या परिचयाची आहे. तिचा पुढला अ‍ॅक्सल अखंड नळीचा असून समवेग सांधा रबरी बुटात नव्हे, तर नळीच्या टोकाशी असलेल्या पोलादी गोलात बंदिस्त असतो. ज्या जिप्सीच्या पुढल्या चाकांवर हाताने फिरवायचे फ्री-व्हीलिंग हब आहेत, तिच्या मालकाने तीन चाचण्या क्रमाने कराव्यात. प्रथम दोन्ही हब ‘फ्री’वर ठेवून केवळ मागल्या चाकांच्या जोरावर गाडी चालवावी. या अवस्थेत पुढली चाके फिरतात, पण आतले शाफ्ट, सांधे व डिफरन्शियल यांना ती फिरवत नाहीत. म्हणून आवाज या वेळीही येत असेल तर सांधा निर्दोष समजून बेअरिंग, ब्रेक, टायर यांची झडती घ्यावी. मग हब ‘लॉक’वर करून, ट्रान्स्फर केस मात्र दोनच चाकांवर ठेवून, तोच रस्ता त्याच वेगाने पुन्हा चालावा. आता चाकांमुळे शाफ्ट व सांधे फिरतात, पण त्यांच्यावर ताण नसतो. आवाज या पायरीवर प्रकट झाला तर तो फिरणाऱ्या शाफ्टांचा, डिफरन्शियलचा वा पुढल्या प्रॉपेलर शाफ्टचा. शेवटी मोकळ्या मातीवर किंवा खडीवर चारही चाके जोडून सावकाश वळावे. ‘कट-कट’ केवळ याच वेळी उमटली, तर समवेग सांध्याविरुद्धचा पुरावा सबळ झाला. एकच सावधगिरी: अर्धवट अडकलेला हबसुद्धा दात घसरल्यासारखा असाच आवाज करतो, म्हणून दोन्ही हबांचे बाण आपापल्या खुणेवर पक्के बसले आहेत याची आधी खात्री करावी.

तिसरी चाचणी डांबरी रस्त्यावर करू नये, हे आवर्जून सांगितले पाहिजे. वळताना पुढली व मागली चाके निरनिराळ्या त्रिज्येच्या मार्गांनी जातात, आणि या प्रकारच्या गाड्यांत तो फरक सामावून घेणारे मधले डिफरन्शियल नसते. मातीवर टायर किंचित घसरून तो फरक जिरवतात, कोरड्या डांबरावर मात्र तो पीळ शाफ्टांत साठत जातो, स्टिअरिंग जड होते, गाडी अडखळते व अखेर धक्का देऊन पीळ सुटतो. तो दोष नव्हे, रचनेचा धर्म आहे. पण त्याच्यापायी सुस्थितीतले अ‍ॅक्सल उघडले गेल्याची उदाहरणे गॅरेजांत नवी नाहीत.

रस्त्यावरची साक्ष झाली की प्रत्यक्ष पाहणी. मागल्या चाकांना ओट लावून पुढला भाग उचलावा व भक्कम स्टँडवर टेकवावा. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कोणीही जाऊ नये. चाक वर व खाली धरून हलवावे. खेळ जाणवला तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगावे: खेळ नाहीसा झाला तर तो बेअरिंगचा, तसाच राहिला तर बॉल जॉइंटचा किंवा किंगपिनचा. डावीउजवीकडे धरून हलवल्यास टाय रॉडची झीज कळते. मग एका हाताने चाक सावकाश फिरवीत दुसरा हात स्प्रिंगवर ठेवावा. खराब बेअरिंगची खरखर पोलादातून तळव्याला लागते. शेवटी शाफ्ट हाताने पिळून व आतबाहेर ढकलून पाहावा. मात्र चाके अधांतरी असताना इंजिन चालू करून आवाज ऐकण्याचा मोह आवरावा, कारण सस्पेन्शन लोंबकळल्यावर सांधे अस्वाभाविक कोनात जातात व चांगला सांधाही कुरकुरतो, हे एक आणि त्यात जिवाचा धोका आहे, हे दुसरे.

जिप्सीच्या बंदिस्त गोलाची पाहणी वेगळ्या दृष्टीने करावी लागते. पावसाळ्यात ओढा ओलांडून आलेल्या गाडीच्या गोलात सील झिजलेले असेल तर पाणी शिरते आणि आतले ग्रीस दुधाळ होते. नळीतले तेलाचे सील गेले असेल, तर डिफरन्शियलचे तेल गोलात उतरून ग्रीस पातळ करते व टायरच्या आतल्या अंगावर तेलकट कडे उमटते. या दोन्ही खुणा आवाज सुरू होण्यापूर्वी पुष्कळ आधी दिसतात, आणि ताडोबाच्या धुळीत किंवा सह्याद्रीच्या पावसात राबणाऱ्या गाडीसाठी सीलांची तपासणी ही वर्षासनासारखी नेमाने व्हावी.

दुरुस्तीचा निर्णय या सर्व पुराव्यावर बेतावा. बूट फाटला आहे, पण आवाज नाही व खाचा गुळगुळीत आहेत, तर सांधा सोडवून, स्वच्छ धुऊन, योग्य ग्रीस व नवा बूट घालणे हा शहाणपणाचा मार्ग होय. टकटक सुरू झाली असेल, तर नवे ग्रीस तिला काही दिवस दडपील, बरे करणार नाही. तेथे सांधा किंवा संपूर्ण शाफ्ट बदलावा. बेअरिंगचे साधे ग्रीस सांध्यात भरू नये. शाफ्ट बसवल्यावर हबचा नट टॉर्क रेंचने ठरावीक मापालाच आवळावा, कारण अंदाजाने अति आवळलेला वा सैल राहिलेला नट नव्या बेअरिंगचा घात करतो आणि मालकाला पुन्हा पहिल्या पायरीवर आणून सोडतो. टकटकणारा सांधा काही काळ चालतो हे खरे. तथापि त्याचा पिंजरा तुटला तर चाकाला गती मिळणे बंद पडते, आणि सैल बेअरिंग किंवा झिजलेला बॉल जॉइंट यांची परिणती तर चाक हाताबाहेर जाण्यात होऊ शकते. घाटात उतरणाऱ्या भरल्या गाडीच्या बाबतीत हा जीवितरक्षणाचा प्रश्न आहे, दुरुस्तीच्या खर्चाचा नव्हे.

म्हणून गॅरेजात जाण्यापूर्वी प्रत्येक मालकाने एक छोटे टिपण करावे: आवाज कोणत्या वेगाला येतो, सरळ की वळणावर, अ‍ॅक्सिलरेटर दाबताना की सोडताना, रस्ता बदलल्यावर बदलतो की नाही, आणि हब मोकळे असताना येतो काय. हे टिपण हाती आले की कुशल मेस्त्रीचा वेळ भाग उघडण्याऐवजी दोष गाठण्यात जातो. आणि ज्या मेस्त्रीला भाग उघडण्याची घाई आहे, तोही त्या कागदापुढे थांबून विचार करतो. बदललेला जुना भाग मागून घ्यावा व त्याच्या खाचा स्वतः पाहाव्यात; खळगे दिसले तर निदान खरे ठरले, गुळगुळीत दिसल्या तर तपास अपुरा राहिला. जुनी गाडी बाळगणे म्हणजे तिच्या प्रत्येक आवाजाला भिणे नव्हे, तर त्याचे कारण शोधण्याची जबाबदारी पत्करणे होय. त्या जबाबदारीला महागडी उपकरणे लागत नाहीत. लागते ती एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहण्याची शिस्त, आणि ती शिस्त प्रत्येक मालकाच्या आवाक्यातली आहे.